हातचा एक

रात्री अडीचला, सगळ्यांच्या कुशी बदलून झाल्यावर
हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यावर मी बेरीज मांडते.
डोंगरापलीकडचं विद्यापीठ: चार वर्षं,
एक्क्याण्णव हजार डॉलर, वसतिगृह वेगळं.
त्यांचं माहितीपत्रक जाड, गुळगुळीत.
पानोपानी हिरवळ, आणि हिरवळीवर
कधीच रात्रपाळी न केलेल्या मुली.

खाली नदीकाठी, टायरच्या दुकानाला लागून
कम्युनिटी कॉलेज. दोन वर्षं. साडेनऊ हजार.
पुस्तकं जुनी मिळतात. स्टेथोस्कोप मार्व्हाचा,
तिनं अर्ध्यावर सोडलं तेव्हा मला दिला.
(का सोडलं ते विचारलं नाही. माहीत आहे.)
शेवटची परीक्षा एकच, परवानाही एकच.
नाडी बघताना कुणी विचारत नाही
साठ सेकंद मोजायला शिकायचे
तू किती पैसे भरलेस.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे.
मी रोज अठरा अंथरुणं पाहते.
त्यांवरचे पाय उचलते, टाचांखाली उशी सारते,
चादर ताणून कोपरे दुमडते.
माझे पाय बुटांत असतात.

नऊ नंबरचे मिस्टर टॅकेट जागेच असतात.
चाळीस वर्षं कोळशाच्या कंपनीत हिशेबनीस.
झटक्यानं उजवी बाजू नेली, आकडे ठेवले.
"आण इकडे," म्हणतात. बोबडं, पण हुकमी.
डाव्या हाताचं बोट खोक्यावरून उतरत जातं
खाणीत पाळणा उतरावा तसं,
आणि तळाशी थांबतं.
"हातचा विसरलीस, वर्ना."

पुन्हा मांडते.
पेट्रोल: जाऊन येऊन बावन्न मैल.
कोल्बीला सांभाळायचे ओनाला पैसे
(ती नको म्हणते, म्हणजे जास्तच द्यावे लागतील).
आठवड्याच्या दोन पाळ्या बुडणार. लशी. गणवेश.
"अजून."
माझी दाढ.
"अजून. झोप कुठल्या रकान्यात धरलीस?"

मग मी खिशातला कागद काढते, घडीवर फाटत आलेला.
जिल्ह्याचं इस्पितळ सगळी फी भरणार,
पुढं पाच वर्षं त्यांच्याकडेच राहायचं.
फुकट, मिस्टर टॅकेट. एक पैसा नाही.
ते बराच वेळ वाचतात. एकच डोळा नीट हलतो.
"कोवळा होतो तेव्हा कंपनीच्या दुकानात वही लिहायचो.
बूट फुकट, कंदील फुकट. पगाराच्या दिवशी
माणसं माझ्यासमोर टोप्या काढून उभी राहायची
आणि मी त्यांना सांगायचो, अजून किती निघतात.
तुझा बाप नाही. त्याचा बाप."

बाहेर कुणाचा तरी ऑक्सिजन बुडबुडत असतो.
"मधेच सोडलंस तर काय, लिहिलंय?"
सगळे परत, व्याजासकट.
"मग फुकट नाही. उधार म्हण.
उधार वाईट नसतं. नाव चुकीचं असलं की वाईट."

मी खोक्याची दुसरी बाजू उलगडते.
एका सत्रात दोनच विषय. दोनाची साडेतीन वर्षं.
मी तेव्हा सदतीस. कोल्बी चौथीत.
तसंही सदतीस होणारच आहे मी,
विषय घेतले काय, न घेतले काय.
पहिल्या सत्रापुरते कॉफीच्या डब्यात आहेत.
दुसऱ्याचे नाहीत.
ते मी लिहिते: नाहीत. गोल करते.

मिस्टर टॅकेट पेन मागतात.
डाव्या हातानं, जीभ ओठांत धरून,
बेरजेच्या डोक्यावर एक वाकडा एक काढतात
आणि सांगत नाहीत तो कशाचा.

चौदा नंबरची घंटा वाजते.
मी नव्या खोक्यातून मोजे ओढते,
जुनं दुमडून कमरेच्या खिशात घालते.
चालताना ते मांडीला टोचतं.