फ्रीज बंद

रात्री अकरानंतर मी फ्रीज बंद करते.
त्याची घरघर फरशीतून टेबलात चढते,
टेबलातून खड्यात,
आणि मोहरीएवढ्या खड्याला
ती भूकंपासारखी लागते.

सफरचंदांचे ट्रक तोवर मिडेल्टला पोचलेले असतात.
झायदला कूस बदलायची असेल
तर तो आधी खोकून सांगतो.
बाबा खाटेवर पाय वर घेऊन बसलेत.
चाळीस वर्षं मिब्लादेनच्या खाणीत,
जमिनीखाली चाललेला माणूस
माझ्यापायी
जमिनीवरही पाय टेकत नाही.

काळी मखमल.
दह्याच्या रिकाम्या डब्याचा घुमट,
त्यातून गाळून घेतलेला उजेड.
लेन्स एका मोडीत निघालेल्या सूक्ष्मदर्शकाची,
कासाब्लांकाच्या जुन्या बाजारात
दोन तास घासाघीस करून आणलेली.
मेणाच्या गोळीवर बराइटचा पांढरा पापुद्रा
आणि त्यावर व्हॅनाडिनाइट:
सहा बाजू, कडा वस्तऱ्यानं काढल्यासारख्या,
लाल.
डाळिंब म्हणावं तर डाळिंब ओलं असतं.
रक्त म्हणावं तर रक्त काळं पडतं.
(हाही पडतो, फार उजेडात ठेवला तर.
म्हणून मी घाई करते, हळूहळू.)

इतक्या जवळून
कुठलीच गोष्ट सबंध दिसत नाही.
टोक स्पष्ट, तर पोटात धुकं.
पोट स्पष्ट, तर टोक गेलेलं.
मग स्क्रू केसभर फिरवायचा, श्वास धरायचा,
टिक.
पुन्हा केसभर.
टिक.
असे एकशे चाळीस अर्धवट फोटो.
सकाळी संगणक त्यांतलं
खरं तेवढंच वेचतो आणि एक करतो.
निदान गिऱ्हाइकांना मी तसं सांगते.

सत्त्याऐंशीव्या फोटोत,
खडा जिथं दगडाला टेकतो तिथं,
एक चकचकीत रेघ.
पाणी नव्हे. पाणी एवढा वेळ थांबत नाही.
आणि रेघेत आडवा अडकलेला,
पडद्यावर दोरखंडाएवढा,
एक पांढरा केस.

आमच्या घरात
पांढरी दाढी एकालाच आहे.

हा खडा त्यांनी फडक्यातून काढला तेव्हा म्हणाले,
'बघ इत्तो, डोंगरानं दिला तस्सा.'
मी म्हटलं, 'आधी हात धुवा, शिसं असतं त्यात.'
त्यांनी धुतले. बराच वेळ धुतले.
हात थरथरत होते, पण ते तर
आता जेवतानाही थरथरतात.

गुरुवारी मस्यू वेन्डलिंग येतील स्ट्रासबुर्गहून.
ते आधी फोटो बघतात, मग दगड.
फोटोखाली 'जोडलेला' एवढा एक शब्द लिहिला
की किंमत चौथाईवर येते.
केस पुसायला चार सेकंद लागतात.
रेघ पुसायला दहा.

आणि आत्ता, कॅमेऱ्यावर हात ठेवून,
मला मागच्या मंगळवारची सकाळ आठवते:
फ्रीजखाली पाण्याचं थारोळं,
वितळलेला बर्फ, नासलेलं दूध.
मी म्हणाले होते, म्हातारा झाला हा, बदलायला हवा.
बाबा फडकं घेऊन मुकाट्यानं पुसत होते.

म्हणजे त्या रात्री
त्यांनीही बंद केला होता.
मला बघून बघून त्यांना वाटलं असणार,
घरघर थांबली
की हातही थांबेल.

पलीकडून आवाज येतो,
'दिसतंय का गं नीट?'

'अजून त्रेपन्न राहिलेत, बाबा.'

ते काही बोलत नाहीत.
खाट एकदा करकरते आणि गप्प होते.
खड्यातला हादरा विझेपर्यंत
मी वीस आकडे मोजते,
मग स्क्रू
केसभर
फिरवते.