पीळ

आहुप्याच्या वरच्या वाडीत बुधाजी असवल्यांनी
केवणीची साल आठ दिवस डोहात कुजवली होती.
तो वास माझ्या बोटांबरोबर पुण्यापर्यंत आला.

वाख मांडीवर, तळवा एकदाच पुढे.
"दोन्ही पदर एका अंगाला पिळायचे,
आन् एकमेकांवर उलटे.
सुटाया बघत्यात, म्हनून तर धरत्यात."

माझा दोर सारखा उकलत होता.
मान वर न करता त्यांनी विचारलं,
"नवा वाख कवा घालशील? पदर सरल्यावर?"
सरायच्या आधी.
एवढं कळायला दुपार गेली.

आता कोथरूडच्या गॅलरीत
वीतभर दोरी, जाड-बारीक, जाड-बारीक.
टोकाला गाठ मारायची राहिलीच.
आठवडा झाला, उकललेली नाही.
मांडीवरचा लाल चट्टा
अजून खाजतो.