आतल्या आत

बसवायला आलेला पोरगा म्हणाला,
ताई, यातच टाकायचे आणि यातूनच घडी घालायला काढायचे,
मधे काही नाही.

मधे माझा जिना होता. बावीस पायऱ्या.
कमरेवर बादली, दातांत दोन चिमटे,
आणि वर पोचले की आधी वाऱ्याला विचारणं,
आज कुठून?
जालन्यात पांढरं वाळत घालायचं तर विचारावंच लागतं.
रोलिंग मिलकडून असला की
माझ्या लॅबच्या कोटावर मोहरी तडतडल्यासारखे काळे ठिपके.
झटकले तर फासतात. फुंकले तर जातात.
हे नफीसाभाभीनं शिकवलेलं, पलीकडच्या गच्चीवरून.

त्याच मिलमध्ये रोहिदास रात्रपाळी करतो.
कोटाबद्दल तो कधी बोलला नाही.
एक दिवस नुसता हप्त्यांचा कागद घेऊन आला,
अठरा महिने, सही केलेला.

आठ किलो धुतं, पाच किलो वाळवतं.
वरच्या तीन किलोंचं काय ते आपलं आपण बघायचं.
वाळवायलाही पाणी लागतं, पोरगा म्हणाला.
मी दोनदा विचारलं.
वाळवायला? पाणी?
आमच्याकडं नळ नवव्या दिवशी येतो, बाबा.
तो हसला, आणि पाइप जोडत राहिला.

साडेपाच तास दार उघडत नाही.
मग कपडे निघतात चुरगळलेले, गरम,
तव्यावरून नुकत्या उतरवलेल्या भाकरीसारखे.
ईश्वरी त्यात तोंड खुपसून बसते,
गणवेशाला आता उन्हाचा वास नाही,
कसलाच नाही.
जाळीवर करडा कापूस साठतो.
आपणच थोडे थोडे झिजतोय
हे दोरीनं कधी दाखवलं नव्हतं.

चौथ्या दिवशी खालून हाक आली,
"गावाला गेल्ते का तुम्ही? दोरी रिकामी दिसू राह्यली!"

खरं तर आम्ही दोघी एकमेकींची दोरीच वाचायचो.
तिच्याकडं दोनाचा एकच शर्ट राहिला
तेव्हा कळलं, अर्शद पुण्याला लागला.
मे महिनाभर रोज तीच निळी चादर,
म्हणजे सासऱ्यांचं अंथरूण.
एका सकाळी ती चादर नव्हती,
आणि मी चप्पल न घालताच खाली गेले.

माझी नणंद शालन आली
तीन साड्या आणि पोराचा एक गणवेश घेऊन,
तेव्हा भाभीनं काही विचारलं नाही.
चौथी साडी काही दोरीवर आली नाही
हे तिनं मोजलं असावं.
दुसऱ्या दिवशी डबा आला, वर कांदा-लिंबू.

मशीन आल्यावर महिन्याभरात शालन परत गेली.
तिच्या साड्या शेवटच्या या काचेमागं फिरल्या,
हिरवी, जांभळी, परत हिरवी.
बाहेर कुणाला काही दिसलं नाही.
बरंच झालं, रोहिदास म्हणाला.
झालं असेल बरं.
मी घड्या घातल्या, गरम होत्या तोवर,
आणि कुणाला काही सांगायचं राहून गेलं.

आज सातवा हप्ता गेला.
कोट पांढरा आहे. कंबर दुखत नाही.
हे खोटं कशाला बोलू,
जिना मला नकोच होता.

तरी सकाळी चहाचा कप घेऊन वर जाते,
एक टॉवेल दोरीवर टाकते, दोन चिमटे लावते.
संध्याकाळी त्यावरची काजळी फुंकते
आणि घेऊन येते.

काल भाभीनं बघितलं.
टॉवेल ना ठिबकत होता, ना जड होता,
वाऱ्यावर नुसता फडफडत होता.
"बाई, कोरडाच वाळत घालू राह्यल्या?"

हाव, म्हटलं.
वाळला की आवाज द्या.