कोम

अर्जातला पहिलाच रकाना :
ज्याची नोंद हवी, त्याचे नाव.
तेच तर शोधायला आलेय, मी म्हणाले.
मुल्ला भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर सारला,
मग गाव टाका, म्हणाले, आणि साल.
सावळज. एकोणीसशे अठरा.

तासगावच्या रेकॉर्डरूमबाहेर त्या दिवशी रांग होती,
जीपा भरून माणसं आलेली, हातात आधार कार्डं.
सगळ्यांना जातीचा रकाना हवा होता,
एक 'कु' आणि पुढे टिंब.
मला त्याच्या डावीकडचा.

सुगीला हेळवी येऊन गेला.
बैल नाही आता, स्प्लेंडरवर येतो.
पायरीवर बसून सात पिढ्या एका दमात म्हणाला,
शेवटी राणूचा खंडू, खंडूचा निवृत्ती,
आणि वही मिटली.
निवृत्तीला मी एकटीच.
पायलीभर शाळू झोळीत ओतताना विचारलं,
राणूची बायको?
अथणीकडची, म्हणाला.
नाव?
बाईचं कोण लिहितंय, अक्का.

चिंतामण गुरव चित्रकलेचे मास्तर होते,
आता मोडी वाचतात. पानाला पन्नास, चहा वेगळा.
कागदाला बोट लावत नाहीत, पापड झालाय म्हणतात.
मोडीत आधी रेघ ओढायची,
या कडेपासून त्या कडेपर्यंत,
मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायची.
बिन म्हणजे अमक्याचा मुलगा.
कोम म्हणजे अमक्याची बायको.

ऑक्टोबर लागला तसे ते हळू वाचू लागले.
ताप.
ताप. ताप.
मानमोडी, पुटपुटले,
एका पानावर सव्वीस माणसं
आणि अक्षर बघा कसं, एकसुध्दा काना वाकडा नाही.

मग :
कोम राणू, वय बावीस, ताप.

कोमच्या आधी कोरं.
तीन अक्षरं मावतील एवढं.
मास्तरांनी भिंग पुढेमागे केलं.
खरवडलेलं नाही. शाई उडालेली नाही.
लिहिलेलंच नाही.

मला त्या लिहिणाऱ्याचा राग आला,
वय विचारलंस, रोग विचारलास,
दारात उभाच होतास की रे.
आजोबा तेव्हा दहा महिन्यांचे,
रडत असणार आतमध्ये.

मास्तरांनी पान उलटलं.
अक्षर बदललेलं होतं. जाड, घाईचं,
रेघ सोडून खाली घसरणारं.
पहिलीच नोंद :
केसो त्रिंबक, कुळकर्णी, वय एकतीस, ताप.

आम्ही दोघं काही बोललो नाही.
बाहेर कुणाचा तरी 'कु' सापडला होता,
पेढे वाटत होते. आम्हालाही मिळाले.
मग मास्तर म्हणाले,
विसरला असता तर जागा सोडली नसती त्यानं.
पुन्हा जाऊन विचारणार असेल.

नक्कल चार दिवसांनी मिळाली, शिक्क्यासकट.
अर्जदाराचे मयताशी नाते, या रकान्यात
मी लिहिलं होतं : पणती.

कधीकधी ती खिडकीशी धरते.
रेघ तिथूनही गेलीय, कुठे न तुटता,
सव्वीस जणांच्या डोक्यावरून गेली तशीच,
फक्त तेवढ्या जागेत खाली
काही वाळत घातलेलं नाही.

काल स्टँडवर चौकशी करून आले.
अथणीची गाडी मिरजेहून सकाळी सव्वासहाला आहे.