प्रतिकूल बाजू

भाचीला चिठ्ठीत विषय निघालाय:
हुकूमशहा गेला की देश सुखी होतो.
बाजू प्रतिकूल. वेळ साडेचार मिनिटं.
"मामा, तू होतास ना तिकडं, मुद्दे दे."

होतो. सात वर्षं, पाणी उपसायच्या केंद्रावर, फिटर.
साहेबांचा फोटो कॅन्टीनमध्ये, पंपघरात,
पान्ह्यांच्या कपाटावरसुद्धा.
वीज एकदाही गेली नाही.
पाव जवळजवळ फुकट.
घे, दोन मुद्दे झाले.

युनूस माझा जोडीदार.
काही सांगायचं असलं की आधी कॉम्प्रेसर सुरू करायचा,
मग माझ्या कानाशी यायचा.
त्याच्या भावाला भर लग्नातून उचलून नेलं,
एका विनोदापायी.
तो विनोदही त्यानं मला कॉम्प्रेसरच्या आवाजातच सांगितला.
अर्धाच ऐकू आला. तरी हसलो.
हे लिहू नकोस,
हे समोरच्या बाजूला जातं.

मग साहेब गेले. आम्हाला विमानानं आणलं.
सीबीएसला उतरलो तेव्हा माझ्याकडं
अंगावरचे कपडे आणि एक अठरा-एकोणीसचा पाना.
तो का आणला, अजून कळलेलं नाही.

परवा युनूसचा फोन.
पंप बंद, आतलं तांबं कुणीतरी विकून खाल्लं.
सरकारं तीन, एका कागदाला तीन शिक्के.
टँकर ज्याच्या बंदुका जास्त त्याच्या गल्लीत.
आणि तिन्ही सरकारांना तो शिव्या घालत होता,
आईबहिणीवरून, भर रस्त्यात उभा राहून,
चाळीस मिनिटं.
इतका मोठा आवाज आहे त्याला, मला ठाऊकच नव्हतं.

विचारलं, "मग बरं झालं का रे?"
थांबला. म्हणाला,
"भावाची हाडं सापडली. नाव लिहून पुरली."
मग फोन तुटला. वीज गेली असणार.

गंगेला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीकडं बघतो.
गुडघ्याला पाणी, छातीला पाणी, झालं मोजून.
भाचीला म्हटलं, यात मी कुठला मारुती उभा करू?
ती म्हणाली, "मामा, आकडे. आकड्यांना मार्क असतात."

दिले.
तेव्हा चोवीस तास वीज, आता चार.
पहिली आली. ढाल टीव्हीशेजारी ठेवलीय.

काल सातपूरला टपरीवर
कुणीतरी आपल्या नगरसेवकाचा विषय काढला.
सगळे माझ्याकडं बघायला लागले, मी काय म्हणतो म्हणून.
मी कप खाली ठेवला
आणि आधी पलीकडच्या गाळ्यात डोकावलो,
लेथ सुरू आहे ना.