सातवं काम

बावीस डिसेंबर. अंगात एकशे एक ताप,
पर्समध्ये यादी, यादीत नऊ कामं.
त्यातलं सातवं माझ्याच अक्षरात आहे
पण सकाळी काय लिहिलं ते मला लागत नाही.

रोलाला उतरले. रोला म्हणजे वड,
असं शारजात आल्या वर्षी कुणीतरी सांगितलं होतं.
वड कधीच पडला. नावाच्या सावलीत
टॅक्स्या, कबुतरं, सुट्टीची माणसं.

एक्स्चेंजमध्ये टोकन दोनशे अकरा.
काचेवर कापसाचं बर्फ चिकटवलंय,
एसी असा की तेवढीही गरज नव्हती.
माझ्या शिंकेला पुढचा माणूस
एक पाऊल पुढे सरकला;
रांग तेवढीच हलली.
फॉर्मवर रकाना: पैसे पाठवण्याचं कारण.
प्रभुदासचे हप्ते, आईचा मोतीबिंदू,
देवळाच्या पत्र्यांना रंग,
आणि कुणी विचारलं तर सांगता येणार नाही असंही काही.
बोटभर रकाना.
कुटुंबखर्च, असं लिहिलं.

तेवढ्यात शेवगावहून आई.
"आवाज का गं बसलाय?"
"एसी आहे."
"डिसेंबरात?"
"इथे बाराही महिने असतो."
हे खरं आहे, म्हणून खोटं सापडत नाही.
"करंज्यांत खसखस घाल, विसरशील."
एकवीस वर्षं सांगतेय तिला,
खसखस या देशात चालत नाही, विमानतळावर धरतात.
एकवीस वर्षं ती म्हणते,
"चिमूटभर गं. चिमटीला कोण धरतंय?"

औषधाच्या दुकानातल्या अजीशने विचारलं,
"पेशंट किती वर्षांचा?"
"त्रेपन्न."
"घराबाहेर पडू देऊ नका त्यांना."
बरं, म्हटलं. नाही पडू देत.

मग मैदा, रवा, मेणबत्त्या, नळाचा वॉशर.
सुपरमार्केटच्या दारात लाल डगल्यातला सांताक्लॉज,
सेल उतरत आलेले,
हात अर्धाच वर नेतो आणि थांबतो.
पिशव्यांचे बंद बोटांत रुतलेले.
माझंही साधारण तसंच.

शेवटी शफीकुलकडे, गाब्रिएलचे पंख घ्यायला.
शुक्रवारी उपासनेनंतर मुलांचं नाटक,
जोएल देवदूत. तो सातच वर्षांचा,
आणि डावा पंख उजव्याहून वीतभर लांब.
मी नुसतं पाहिलं.
शफीकुल त्याच्या हिंदीत म्हणाला,
"आपा, आमच्या जिब्रईलला सहाशे पंख असतात.
दोनांत एवढं काय मोजायचं?"
मला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला,
खोकल्याने डोळ्यांपुढे काळं.
त्याने स्टुलावरचे कपडे खाली ढकलले.

जाग आली तेव्हा बाहेर दिवे लागलेले.
मशीन चालू. अंगावर
कुणाच्या तरी पडद्याचं अस्तर, टाचण्यांसकट.
पंख सारखे झाले होते:
मोठा उसवून धाकट्याएवढा केलेला.
वीस दिरहम घेतले त्याने, ठरल्याप्रमाणे.
पंचवीस दिले होते; सुटे नव्हते,
तर पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ दिलं.

टॅक्सीत मागच्या सीटवर मी आणि पंख.
ड्रायव्हर आरशातून दोनदा बघून गप्प.

आता रवा भाजतेय. नाक बंद,
वास नाही; रंगावर आणि झाऱ्याच्या आवाजावर चाललंय.
आईला हे सांगता आलं असतं
तर तिने फोनवरून ऐकून सांगितलं असतं, बंद कर.

यादी ओट्यावर. सातवं काम: रवा.
पण रवा तर चौथ्यालाच आहे.
दिव्याखाली धरला कागद.
दोन अक्षरं नाहीत, एकच आहे,
तापात फाकलेलं:
खा.

गॅस बंद केला.
वाटीत गरम रवा, वर साखर,
उभ्याउभ्याच.
चव काहीच लागली नाही.
पेन शोधून खूण केली.