खिळा

शनिवारी रात्री खय्यूम दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतो
आणि आम्ही वाकून आत शिरतो,
जिंतूरच्या बसस्टँडमागे,
कर्ण्यांच्या, माइकच्या, जळक्या कॉइलच्या वासात.
नियम एकच : गाणं असं आणायचं
की ज्याला कुणीतरी, कधीतरी म्हणालं असेल, हे नको.

मुंजाजीचं कशावरच भरलेलं नव्हतं.
आज्यानं शिकवलेलं, निजामाच्या वक्ताचं.
तुळशा नावाचा एक फरारी
देशमुखाचं पेव फोडून जोंधळा वाटतो
आणि शेवटच्या कडव्यातही सापडत नाही.
"म्हनून तं बंद व्हतं," मुंजाजी म्हणाला,
"धरला आसता तर जत्रंत गाऊ देले आसते."
डफ नव्हता. त्यानं तेलाचा रिकामा डबा मांडीत घेतला.

प्रयागचं गाणं सरकारनं नाही, सासऱ्यानं बंद केलेलं.
हळदीतलं, व्याह्याला शिव्या घालायचं;
चौथं कडवं तिनं स्वतः रचलं होतं
आणि ते अगदीच खरं निघालं.
तीस वर्षं सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केलेली बाई,
पण त्या कडव्याशी आल्यावर
तिनं आवाज उतरवला, शटरकडे बघितलं,
सासरा जाऊन बारा वर्षं झाली तरी.

शेषेराव ट्रकवाला. त्याला कांडल्याच्या भंगारात
एक अमेरिकेची कॅसेट सापडली होती.
जाड्या आवाजाचा कुणी एक गात होता,
मागे माणसं हसत होती, बहुतेक कैदी,
आणि मधेच टूं वाजून एखादा शब्द गायब व्हायचा.
"तुला काय कळतं रे यातलं?"
"कळायचं काय त्यात? मानूस वाईट वागलाय
आन् त्येला ते ठावं हाय."
पुढच्या प्रत्येक टूंच्या जागी
शेषेरावनं आपल्या परभणी जिल्ह्यातली शिवी बसवली.
एकही मात्रा चुकली नाही.
खय्यूम म्हणाला, ती गिटार नव्हे,
तुणतुण्याची मावसबहीण हाय.

माझी पाळी आली तेव्हा लाईट गेली.
खय्यूमनं बॅटरी जोडली.

मी एकवीस वर्षं रेडिओच्या रेकॉर्ड लायब्ररीत होतो.
यादी यायची, सायक्लोस्टाईलची, पुसट जांभळी.
तबकडी काढायची, बाजू बघायची, गाणं कितवं ते मोजायचं
आणि खिळा ओढायचा,
शेतातून बांध घालावा तसा, आडवा.
मग रजिस्टरवर सही.
कुणी कधी ओरडलं नाही माझ्यावर.
चहा वेळेवर यायचा.

ही तबकडी मी कंडम मालातून नऊ रुपयांना घेतली.
गाणारा मानवतकडचा. त्याची दुसरी निघाली नाही.
सुई टेकली.

कालवा आला गं बाई, कालवा आला,
पाणी गेलं — टक —
पाणी गेलं — टक —
पाणी गेलं —

"साखर कारखान्यात," शेषेराव म्हणाला.
"पुढाऱ्याच्या उसात," मुंजाजी.
"तोंडचं," प्रयाग म्हणाली, आणि सगळे हसले.
टक. पाणी गेलं. टक.
मग हसू थांबलं, एकेकाचं,
कारण खिळा मारण्याआधी
मारणाऱ्याला गाणं ऐकावं लागत असणार
हे त्यांना तेवढ्यात सुचलं असावं.

ती ओळ मला पाठ आहे.
सात शब्द. त्यातलं एक नाव, आणि त्या नावाची विहीर.
तो माणूस गेला. त्याचा मुलगा
बाहेर स्टँडच्या फलकावर हात जोडून उभा आहे,
लाईट नसतानाही दिसतो.

प्रयागनं सुई उचलली.
"सांगा की आता."

मी घसा खाकरला. खय्यूम उठला.
वाटलं, आता हा शटर पार खाली ओढणार.
तो वर चढला, खोक्यांवर,
आणि गेल्या लग्नसराईतला मोठा कर्णा काढून
त्याची वायर चाचपडायला लागला.
"जरा थांबा," म्हणाला,
"आधी ह्याला जोडू द्या."